दगड नसलेली बेटं

अगत्ती बेटावर काळा दगड नाही. सहा-सात किलोमीटर लांब आणि जेमतेम एक किलोमीटर रुंद असं हे लक्षद्वीपमधलं बेट. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी पायाला कातळ म्हणून लागत नाही. जुन्या कुंपणांच्या भिंतींत जे दगड दिसतात ते पांढरे आणि भोकाभोकांचे. जवळ जाऊन पाहिलं की त्यांच्यावर चांदणीच्या आकाराच्या बारीक खाचा दिसतात. त्या प्रत्येक खाचेत कधीकाळी एक जीव राहत होता. किनाऱ्यावरची वाळू, माडांच्या मुळाशी असलेली फिकट माती, घरांखालची जमीन, सगळं त्याच जातकुळीचं: प्रवाळांचे आणि शंख-शिंपल्यांचे अवशेष.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावावा लागतो. जमीन ही आपल्या आधीपासून होती आणि आपल्यानंतरही राहणार, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. दाराबाहेर पाहिलं की यवतेश्वरचा डोंगर तेच सांगत असतो. त्यामुळे अगत्तीच्या त्या पांढऱ्या भिंतीवर हात ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा जमिनीच्या वयाबद्दल नव्हे, तर तिच्या कर्त्यांबद्दल प्रश्न पडला. ही कोणी केली? आणि अजून करत आहेत का?

गंमत अशी, की या बेटांचा आणि सह्याद्रीचा पाया बहुधा एकाच चुलीवरचा आहे. आज आफ्रिकेच्या पूर्वेला रियुनियन बेट आहे, तिथला ज्वालामुखी अजून धुमसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग त्या तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा लाव्हाचे थर साचून दख्खनचं पठार झालं. भूभाग पुढे सरकला, खालची उष्णता तिथेच राहिली, आणि मागे समुद्रात ज्वालामुखी डोंगरांची एक रांग उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, शेवटी रियुनियन. भूवैज्ञानिक या मालिकेकडे असं पाहतात. आमचा डोंगर वर राहिला. लक्षद्वीपचे डोंगर हळूहळू समुद्रात खचले. ते खचत असताना त्यांच्या काठांवर प्रवाळांनी घरं बांधली. या प्रवाळाला सूर्यप्रकाश लागतो, तो खोल पाण्यात जगत नाही. म्हणून डोंगर जितका खाली गेला तितकं त्यांनी वर बांधलं. पिढ्यानुपिढ्या, मेलेल्यांच्या डोक्यावर जिवंतांनी. डोंगर दिसेनासा झाला आणि त्याच्या काठाचं तेवढं कडं पाण्याच्या पातळीवर उरलं. हा तर्क चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये मांडला. तो खरा आहे हे पाहायला माणसाला 1952 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक या कंकणाकृती बेटावर खोल छिद्र पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त जाडीचा प्रवाळी थर ओलांडल्यावर खाली काळा ज्वालामुखी खडक लागला.

हे सगळं वाचून गेले होते. पण वाचलेलं डोळ्यांत उतरायला बोट लागते.

माघातली सकाळ होती. या दिवसांत इथला समुद्र शहाणा असतो; मेच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत मात्र छोट्या बोटी बाहेर काढत नाहीत. आमचा बेत एका दिवसाचा: अगत्तीहून बंगारम, तिथून तिन्नकरा, परतताना कल्पिट्टी. बोटीत आम्ही मोजकी माणसं. त्यात नाशिकच्या एक मावशी होत्या, मुलगा आणि सुनेबरोबर आलेल्या. सत्तरीच्या, पोहता अजिबात येत नव्हतं, आणि तरीही मास्क आधीच कपाळावर चढवून तयार. नावाडी अगत्तीचेच. पन्नाशी ओलांडलेले, कोचीत काही वर्षं काढल्याने हिंदी बऱ्यापैकी. त्याआधी कितीतरी वर्षं ते पाब्लो म्हणतात त्या बोटीवर कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मासेमारीला जात.

अगत्तीच्या लगूनचं, म्हणजे कड्याच्या आतलं, पाणी इतकं उथळ की बोटीची सावली तळावरून आपल्याबरोबर चालते. प्रवाळाच्या कड्यामध्ये एक खिंड आहे, तिथून बाहेर पडलो. कड्यावर लाटा फुटून पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसत होती, आणि त्या रेघेच्या पलीकडे पाण्याचा रंग एकदम बदलला. फिका हिरवा संपला, गडद निळा सुरू झाला. मधे काहीच नाही. नावाड्यांनी इंजिन थोडं हळू केलं आणि खाली बोट दाखवून सांगितलं, इथून पुढे तळ नाही. अर्थात तळ आहे, पण तो शेकडो मीटर खाली गेलेला डोंगराचा उतार आहे. आपण एका बुडालेल्या शिखराच्या माथ्यावरून उतरून दुसऱ्या शिखराकडे चाललो आहोत, हे त्या रंगाच्या सीमेवर पोटात कळतं. पुस्तकातला डार्विन मला तिथे भेटला.

बंगारमच्या लगूनमध्ये शिरल्यावर पुन्हा तोच हिरवा. प्रवाळांच्या पुंजक्यांपासून थोडं अलीकडे, नुसत्या वाळूवर नांगर टाकला. नावाड्यांचा इथे कटाक्ष असतो: नांगर वाळूतच, आणि पाण्यात उतरल्यावर कुणी कशावरही उभं राहायचं नाही. दम लागला तर पाठीवर पडा, मला हाक मारा, पण पाय खाली सोडू नका. त्यांच्या आवाजात त्या वेळी आर्जव नसतं, हुकूम असतो. मला तो आवाज फार आवडला. देवळात चपला काढा असं सांगायला कुणी लाजत नाही, मग इथे का लाजावं?

तोंड पाण्यात घातलं.

पहिली दोन-तीन मिनिटं फक्त आपलाच श्वास ऐकू येतो, नळीतून येणारा-जाणारा, मोठा, घाबरलेला. शरीराला पटत नाही की नाक पाण्यात असून श्वास चालू आहे. मग तो श्वास सावकाश होतो आणि त्याच्या मागून दुसरे आवाज वर येतात. पाण्याखाली शांतता असते हा समज खोटा आहे. बारीक तडतड सतत चालू असते, आणि त्या तडतडीत मधूनच स्पष्ट, कोरडा आवाज: कर्र, कर्र. कुणीतरी काहीतरी कठीण चावतंय.

आवाजाच्या दिशेने वळले. दोन पुरुष खोलीवर पोपटमाशांचा कळप चरत होता. निळं-हिरवं अंग, गालांवर गुलाबी छटा, आणि तोंडाला खरोखरच चोच. दात एकमेकांना जुळून झालेली. मेलेल्या प्रवाळावर वाढलेलं शेवाळ हा मासा त्या चोचीने खरवडतो, आणि त्याबरोबर दगडाचा थरही. घशात दातांचा दुसरा संच असतो, तिथे सगळं दळलं जातं. थोडं थांबून पाहिलं तर पुढचा भागही दिसतो: एक मासा कळपातून जरा बाजूला सरकला आणि त्याच्या मागून पांढऱ्या पिठाचा लोट सुटला. तो लोट तरंगत तरंगत खाली गेला आणि तळाच्या वाळूत मिसळला.

ती वाळू. ज्यावर सकाळी अनवाणी चालले होते, जिच्या शुभ्रपणाचं बोटीतल्या प्रत्येकाने कौतुक केलं होतं, ती अशी होते. मोठ्या जातीचा एकच पोपटमासा वर्षभरात शेकडो किलो वाळू करू शकतो. दक्षिणेला शेजारी असलेल्या मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त वाटा पोपटमाशांचा निघाला. बेट म्हणजे जिथे लाटा ही वाळू आणून रचतात ती जागा. कडं लाटांचा जोर मोडतं, मासे वाळू करतात, प्रवाह ती वाहून आणतात, माड ती धरून ठेवतात. यातलं एक जरी थांबलं तरी बेट लगेच बुडत नाही, पण त्याची भरपाई थांबते.

मी बराच वेळ त्या कळपावर तरंगत राहिले. आजूबाजूला खूप काही होतं. आकाशी अंगाचे, पिवळ्या पाठपराचे सर्जन मासे. जोडीजोडीने फिरणारे फुलपाखरू मासे. फांद्यांच्या प्रवाळावर घोंघावणारे बोटाएवढे हिरवट क्रोमिस, माझी सावली पडली की सगळे एकदम फांद्यांत शिरत आणि सावली सरकली की एकदम बाहेर. पण माझं मन त्या कर्र आवाजावरून हलेना. प्रवासवर्णनांतून अशा जागांचं वर्णन बाग म्हणून केलेलं वाचलं होतं. बागेत माणूस रंग पाहत फिरतो. इथे मात्र काम चाललं होतं, दिवसभराचं, हजारो तोंडांचं काम, आणि त्या कामातून उभी राहिलेली गोष्ट म्हणजे बंगारम, तिन्नकरा, अगत्ती. तिथली शाळा, मशीद, विमानतळाची धावपट्टी.

मावशींना रबरी रिंग देऊन नावाडी स्वतः ओढत फिरवत होते. एकाएकी त्या रिंगवरून डोकं वर काढून ओरडल्या, "अगं, इकडे ये, याला ओठ आहेत!" प्रवाळाच्या गोलाकार ढिगात रुतून बसलेला कालव होता तो, मोठ्या शिंपल्याच्या जातीचा. उघड्या शिंपल्याच्या कडेने मखमली किनार, निळी, मोरपंखी, तिच्यावर काळे ठिपके. मावशींची सावली पडली आणि ती किनार आत ओढली गेली, शिंपला मिटला. मावशींनी रिंग मागे सरकवायला सांगितली, आणि तो पुन्हा उघडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. बोटीतल्या कुणीच त्या दिवशी इतकं थांबून पाहिलं नाही. मला वाटतं पोहता न येणं हा तिथे त्यांचा लाभच होता. त्यांना कुठे पोचायचं नव्हतं.

त्या कालवाला, सगळ्या कठीण प्रवाळांना आणि समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. वाघाला आहे तेच. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलून आणता येत नाही. एका तुकड्याने काय होतं, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. एका तुकड्याने वाळू होते, हे उत्तर आहे.

आता जे दुसरं दिसलं तेही सांगायला हवं. पुंजक्यांपासून कड्याच्या दिशेने जरा पुढे गेले तर एक मोठा पट्टा लागला. तिथे फांद्या होत्या, पण करड्या. त्यांच्यावर शेवाळाची तपकिरी लव. कितीतरी फांद्या मोडून खाली ढीग झाला होता. मासे होते, थोडे. ते क्रोमिसचे थवे नव्हते, कारण शिरायला जिवंत फांद्या नव्हत्या.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, प्रवाळाला बहुतेक अन्न तेच करून देतं, रंगही त्याचाच. उन्हाळ्यातलं नेहमीचं सर्वांत जास्त तापमान असतं, त्याच्याही वर एखादा अंश पाणी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही सोबत तुटते. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरा होतो आणि उपाशी राहतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाही तर मरतो. लक्षद्वीपने हे 1998 मध्ये पाहिलं, मग 2010, मग 2016, मग 2024 मध्ये. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीभोवती 1998 पासून चोवीस वर्षं मोजणी करणाऱ्या संशोधकांना जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे निम्म्यावर आलेलं आढळलं. वाचताना हा एक आकडा असतो. त्या करड्या पट्ट्यावर तोंड खाली करून तरंगताना तो आकडा संपतच नाही. आपण पाय मारत राहतो आणि खाली करडंच सरकत राहतं.

तिन्नकरावर जेवण होतं. अगत्तीच्या लोकांच्या इथे माडांच्या बागा आहेत. भात, कुप्याचं नारळाच्या रसातलं कालवण, तळलेले तुकडे. त्या चवीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल, म्हणून एवढंच म्हणते की मालवणच्या माणसालाही ते आवडेल. नावाडी जेवताना आपल्या जुन्या धंद्याबद्दल बोलू लागले. इथे कुपा जाळ्याने नव्हे, काठीला लावलेल्या गळाने पकडतात, एकेक मासा. बोट निघण्याआधी लगूनमधून जिवंत चारा धरायचा, बोटाएवढे मासे, आणि ते बोटीतल्या पाण्याच्या टाकीत जपायचे. बाहेर कुप्याचा थवा दिसला की मूठमूठ चारा फेकायचा, पाण्याचे फवारे मारायचे, आणि थवा वेडावला की काठ्या चालवायच्या. गळाला काटा नसतो, मासा वर येताच सुटून बोटीत पडतो. ही रीत मुळात मिनिकॉय बेटावरची, साठच्या दशकात मत्स्यखात्याने बाकीच्या बेटांवर नेली. इतक्या मोठ्या समुद्रात नको ते मासे न मारता, कडं न खरवडता पोट भरण्याची रीत या लोकांकडे आहे, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पण चारा फांद्यांच्या प्रवाळात राहतो. नावाडी म्हणाले, पूर्वी तासाभरात टाकी भरायची, आता अर्धा दिवस जातो. मघाशी पाहिलेला करडा पट्टा आणि पुढ्यातल्या ताटातलं कालवण यांच्यातलं अंतर त्यांनी एका वाक्यात मिटवलं.

जेवणानंतर विहिरीवर हात धुतले. विहीर पुरुषभरही खोल नव्हती, तळाशी पाणी गोड. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर मी लहानपणापासून पाहत आले आहे. कातळात इतकी खोल की तिला पायऱ्या, कमानी, महाल आहे. इथे हाताने वाळू उकरली तरी पाणी लागावं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं, पातळ थरासारखं. भरती-ओहोटीबरोबर विहिरीची पातळीही वर-खाली होते. उपसा जास्त केला की खालचं खारं वर येतं, मग ते लवकर उतरत नाही. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान इथे येऊन गेले, त्यांची समुद्रातली छायाचित्रं देशभर पोचली, आणि लक्षद्वीपला जायची इच्छा घराघरांत जागी झाली. इच्छा चांगली आहे. माझीही तीच होती. पण दहा वस्तीची बेटं धरून सगळ्या बेटांची मिळून 32 चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, त्यावर साठ हजारांहून जास्त माणसं, आणि त्यांच्या पायाखाली हा पातळ थर. इथे किती खोल्या बांधायच्या याचा हिशेब मागणीवरून नव्हे, विहिरीवरून व्हायला हवा. आणि आमच्यासारख्यांनी यावं ते थोड्या संख्येने, थोड्या दिवसांसाठी, दोन बादल्या पाण्यात भागवायची तयारी ठेवून. याबाबत मी अजिबात डळमळीत नाही.

तिन्नकराच्या किनाऱ्यावरून नावाड्यांनी पाण्यात एका दिशेला हात केला. तिकडे परळी होती. परळी नावाची तीन बेटं या कड्यावर. त्यातलं पहिलं 1968 साली नकाशात 0.032 चौरस किलोमीटरचं होतं, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ते पूर्ण नाहीसं झालं. दुसऱ्याचे पाच भागांपैकी चार भाग गेले. माझ्या गावचा एखादा माळ नाहीसा झाला असं मी कल्पनेतही आणू शकत नाही. नावाड्यांना मात्र परळीबद्दल बोलताना नकाशा लागत नव्हता. त्यांच्या वडिलांच्या पिढीतली माणसं तिथे उतरत. त्यांनी जागा दाखवली तिथे पाणी जरा फिकट होतं, एवढंच.

परतीच्या वाटेवर कल्पिट्टी. अगत्तीच्या दक्षिण टोकाशी, त्याच लगूनमधलं छोटं निर्मनुष्य बेट. इथे हिरवी कासवं दिसतात, आणि आम्हालाही एक दिसलं. संथपणे, आमची दखल न घेता, समोरून गेलं. एके काळी अगत्तीच्या लगूनमध्ये समुद्री गवताची कुरणं होती. कासवं वाढली, कुरणं चरून संपली, पुष्कळशी कासवं दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली. गवतात वाढणारे मासे कमी झाले म्हणून कोळी कासवांवर रागावतात, आणि मला तो राग समजतो. कासव वाचवलं ते बरोबरच केलं. पण कासव खाणारे मोठे शार्क उरले असते तर हा तिढा कदाचित पडला नसता, आणि त्याचा भार एकट्या अगत्तीच्या कोळ्याने का सोसावा?

शेवटी नावाड्यांनी मला एकटीला हाक मारली. कड्याच्या आतल्या बाजूला, मेलेल्या फांद्यांच्या ढिगाऱ्यावर, त्यांनी बोटाने दाखवलं. हात लावला नाही. मुठीएवढा, निळसर टोकांचा फांदीचा प्रवाळ. त्याच्या बाजूला दुसरा, त्याहून लहान. मग डोळा सरावला आणि तिसरा, चौथा, वीतभर अंतरावर आणखी. मेलेल्यांच्या डोक्यावर जिवंत, पुन्हा. फांदीचा प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. पाणी तापलं नाही तर दहा-बारा वर्षांत तो भाग पुन्हा दाट होईल, त्यात चारा राहील. 1998 नंतर बारा वर्षं मिळाली होती. 2010 नंतर सहा. 2016 नंतर आठ.

बोटीवर चढल्यावर मी त्यांना विचारलं, यंदाचं पाणी कसं वाटतं? ते म्हणाले, आत्ता काय सांगणार, एप्रिल-मेमध्ये कळतं. मे सरला की फोन करा, मी बघून सांगेन. मी त्यांचा नंबर लिहून घेतला. मावशींनीही घेतला.